पिशवीभर पांपोरची माती

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्षबागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा: "मे महिन्यात काश्मीरला गेलो होतो. पांपोरजवळ केशराच्या रानातून दोनेक किलो माती पिशवीत भरून आणली आणि इथे तपासून घेतली. सामू (पीएच) 7.8, चुनखडी आहे, सेंद्रिय कर्ब आमच्या रानापेक्षा जरा बरा, बाकी नाव घेण्यासारखं काही नाही. मग आमच्याकडे केशर का होत नाही? आणि एवढ्याशा खोऱ्यात खाली भात, मधल्या पठारावर केशर नि बदाम, वर सफरचंद, अशी वाटणी कशामुळे? मातीचे प्रकार आणि त्यांचा उपयोग नीट समजावून सांगा."

तुमच्या अहवालात चूक काहीच नाही. त्यात एक रकाना मात्र कमी आहे, आणि तो कुठल्याच प्रयोगशाळेच्या अहवालात नसतो: ही माती एकदा भिजली की किती दिवसांत वाफशावर येते, म्हणजे जादाचं पाणी निथळून मशागतीजोगी होते? काश्मीरच्या खोऱ्यात मी मृद सर्वेक्षणाचे चार हंगाम काढले, शे-दीडशे खड्डे घेतले, आणि शेवटी या एका प्रश्नावर येऊन थांबलो. तिथल्या मातीची जुनी नावं घ्या, पिकांची वाटणी घ्या, नाहीतर शेजाऱ्याशेजाऱ्यांची भांडणं घ्या. सगळ्याच्या बुडाशी पाणी किती वेळ टिकतं हेच असतं. सामू आणि नत्र-स्फुरद-पालाश नंतर.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. तुम्ही विमानाने गेला असाल तर श्रीनगरला पहिलं पाऊल टाकलंत तेच एका करेव्यावर. विमानतळ ज्या उंच सपाट माळावर आहे तो दामोदर करेवा. करेवा म्हणजे खोऱ्याच्या तळातून उठलेलं, कडेला उभं तुटलेलं मातीचं पठार. काश्मिरीत त्याला वुडर म्हणतात. खोरं साधारण 135 किलोमीटर लांब आणि 30-35 किलोमीटर रुंद, तळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर. एका बाजूला पीर पंजाल, दुसऱ्या बाजूला मुख्य हिमालय. पीर पंजाल उचलला गेला तसं पाणी कोंडलं आणि सुमारे 40 लाख वर्षांपूर्वीपासून इथे सरोवर साचत गेलं. कश्यपाच्या विनंतीवरून देवांनी सतीसर नावाचं सरोवर फोडून भूमी मोकळी केली ही नीलमत पुराणातली कथा तुम्हाला माहीत असेलच. पुढे बारामुल्लाच्या बाजूने पाण्याला वाट मिळाली, झेलम वाहती झाली आणि सरोवराच्या तळाचा गाळ उघडा पडला. या गाळाची जाडी काही ठिकाणी हजार मीटरच्या वर आहे. नद्यांनी तो कापला. जे तुकडे उंच राहिले ते करेवे.

गोष्ट इथेच संपत नाही. त्या गाळावर वाऱ्याने आणलेल्या बारीक धुळीचा थर बसला. याला लोएस म्हणतात. हिमयुगांच्या काळात उघड्यावर पडलेली बर्फाने दळलेली धूळ वाऱ्याने उचलली आणि करेव्यांवर पसरली. कुठे दोन मीटर, कुठे वीस. रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या कड्याकडे बघा, पिवळट मातीत मध्येच गडद तपकिरी पट्टे दिसतील. धूळ यायची थांबली, हवा ऊबदार झाली, गवत वाढलं, तेव्हा जी जमीन तयार झाली तिचे हे पट्टे. मग पुन्हा धूळ आली आणि ती जमीन पुरली गेली. म्हणजे पांपोरहून तुम्ही जी माती आणलीत ती खाली दगड झिजून झालेली नाही, उडत आलेली आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पचनी पडायला वेळ लागतो, कारण आपली माती पायाखालच्या खडकाची लेक.

आणि गंमत बघा, पीर पंजालमध्ये बेसाल्ट आहे! पंजाल ट्रॅप म्हणतात त्याला, सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे तरुणच. तरीही तिथे आपल्यासारखी काळी कसदार जमीन झाली नाही. चढ उभा, थंडी कडक; माती जागेवर मुरायला थांबतच नाही, पाण्याबरोबर आणि बर्फाबरोबर खाली जाते. सारखा खडक म्हणजे सारखी माती, असं धरून चालू नका.

आता तुमच्या पिशवीकडे येऊ. त्यातली चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळा. मैद्यासारखी, साबणासारखी गुळगुळीत लागेल. यात फसायला होतं. मी स्वतः फसलो आहे. पहिल्या हंगामात पुलवामाच्या बाजूला एका करेव्यावर मी नोंदवहीत ठसठशीत अक्षरात 'भारी, चिकण' असं लिहिलं. ओली असताना हाताला बुळबुळीत लागली, मन विदर्भातल्या काळ्या रानात तयार झालेलं, लिहून मोकळा झालो. रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी शेतमालक बुजुर्ग मला त्याच रानातून चालवत घेऊन गेले आणि पलीकडच्या बांधावर पोचल्यावर काही न बोलता माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. तळाला थोडा चिखल, बाकी स्वच्छ. आपल्याकडे पावसाच्या दुसऱ्या दिवशी काळ्या रानात पाऊल टाकलं असतं तर एकेका पायाला दोन-दोन किलो माती लटकली असती. मी नोंद खोडली. ती चिकणमाती नव्हती, पोयटा होता, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांची माती. लोएसमध्ये निम्म्याहून जास्त कण पोयट्याचे असतात. चिकणमाती असते, पण ती आपल्या काळ्या मातीसारखी फुगणारी नाही. म्हणून तिथे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत नाहीत, आणि पावसात जमीन फुगून दार लावून घेत नाही.

पोयट्याचे गुण दोन आणि अवगुण दोन. बारीक छिद्रांमुळे पाणी धरून ठेवतो. एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी सहज राहतं. आणि जादाचं पाणी खाली सोडतोही. अवगुण असे की, उघड्या मातीवर जोराचा पाऊस पडला की वरचा थर पापडासारखा बसतो, उगवण मार खाते. आणि उताराला पाणी मिळालं की पोयटा साखरेसारखा वाहतो. करेव्यांच्या कडेला ज्या खोल घळी दिसतात त्या यामुळे. कोरडा असताना मात्र हाच थर उभाच्या उभा राहतो, ढासळत नाही. श्रीनगरजवळच्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन माणसांनी पाच हजार वर्षांपूर्वी राहण्यासाठी खड्डे खणले ते अशाच मातीत.

केशराला नेमकं हे का लागतं ते त्याच्या वर्षावरून कळतं. कंद लावतात जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, हातभर खोल नाही, वीतभरही नाही, दहा-पंधरा सेंटीमीटर. फूल येतं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर पानं वाढतात, बर्फाखाली तग धरतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये जुन्या कंदाच्या डोक्यावर नवे कंद भरतात. मे महिन्यात पानं पिवळी पडून वाळतात आणि कंद झोपी जातो. तुम्ही मे महिन्यात गेलात तेव्हा रान जवळजवळ ओसाड दिसलं असेल, ते म्हणूनच. झोपलेल्या कंदाला ओल नको असते. ओल राहिली की कंदकूज, मुख्यतः फ्युजेरियम बुरशीमुळे. एकदा रानात शिरली की वर्षानुवर्षं जात नाही.

तिथला शेतकरी हे विद्यापीठात न जाता शिकला आहे. पांपोरचे वाफे आठवा: लहान चौकोन, मध्यभागी किंचित फुगीर, चारी बाजूंनी चर. पाणी देण्यासाठीचे चर नव्हेत ते, पाणी काढून देण्यासाठीचे. आधीच निचऱ्याची माती, करेव्याची उंच जागा, तरी वर पुन्हा चर. इतकी काळजी का घ्यावी लागते? कारण लोएसचा थर चांगला असला तरी त्याच्या खाली कुठेकुठे जुन्या सरोवराची घट्ट चिकणमाती असते. ती दोन हातांवर असेल तर पाणी तिथे अडतं आणि वरची माती कितीही उत्तम असो, कंद सडतात. म्हणून एकाच करेव्यावर एक रान चाळीस पिढ्यांचं केशराचं आणि शेजारचं नुसत्या मोहरीचं असं दिसतं.

आता नाशिक. श्रीनगरला वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. आकडा पुण्याच्या जवळपास. पण तिथला बहुतेक ओलावा येतो हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये, पश्चिमेकडून येणाऱ्या हवेबरोबर. कंद भरायच्या वेळी ओल, झोपायच्या वेळी कोरडं. आपल्याकडे वेळापत्रक बरोब्बर उलटं: कंद झोपलेला असताना जुलै-ऑगस्टचा धो-धो पाऊस, आणि तो भरायच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चटके देतं. त्यात माती काळी असेल तर पाऊस उघडल्यावरही आठ-दहा दिवस वाफसा येत नाही. म्हणजे दोन किलोच काय, दोन ट्रक पांपोरची माती आणलीत तरी आभाळ कुठून आणणार?

खोलीत, रॅकवर केशर घेणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणार. ते खोटे नाहीत, पण अर्धे असतात. फूल येण्यासाठी कंदाला मातीची गरजच नसते. मोठ्या कंदात साठा असतो, तापमान आधी पंचवीसच्या आसपास आणि मग पंधरा-सतराच्या आसपास ठेवलं की तो ट्रेमध्ये कोरडाच फुलतो. खरी परीक्षा फुलानंतर. नवे कंद भरायला उजेड, थंडी, माती आणि चार-पाच महिने लागतात. पुढल्या वर्षी फूल हवं तर कंद निदान आठ ग्रॅमचा भरावा लागतो. हे जमलं नाही तर दर वर्षी काश्मीरहून कंद विकत आणावे लागतात, आणि मग तो केशराचा नाही, कंद विकणाऱ्याचा धंदा होतो. एका किलोला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, हा हिशोब गुंतवणूक करण्याआधी कागदावर मांडा. 'अमेरिकन केशर' म्हणून कुणी उन्हातान्हात येणाऱ्या काटेरी झाडाचं बी विकत असेल तर ती आपल्या सोलापूरची करडई आहे, इतकं ओळखा.

करेव्यावर केशराखेरीज बदाम होतो, तोही बहुतेक पावसाच्या भरवशावर. मोहरी, मसूर, मका. करेव्यांतही जुने शेतकरी रंगावरून तीन प्रती करतात: काळपट ती सर्वांत चांगली, तांबूस त्याखालोखाल, पिवळी सर्वांत कमी. यात तथ्य आहे. काळपट म्हणजे वरचा सेंद्रिय थर शाबूत. पिवळी म्हणजे तो धुपून गेला आणि खालची कोरी धूळ उघडी पडली. पण रंगाचा हा नियम घेऊन महाराष्ट्रात येऊ नका. आपली काळी माती कर्बामुळे काळी नाही, तिच्या चिकणमातीमुळे काळी दिसते. तपासली तर कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. तिथे थंडीमुळे पालापाचोळा हळू कुजतो, म्हणून साध्या रानातही कर्ब एक टक्क्याच्या आसपास किंवा वर सापडतो. तुमच्या अहवालात तो 'जरा बरा' आला त्याचं कारण हे. त्यावर भाळू नका. थंडीने साठवलेलं थंडीतच टिकतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये ते लवकर जळून जाईल.

करेव्यावरून खाली उतरलं की झेलमचा गाळ आणि भात. इथे मला काश्मीरच्या जुन्या इतिहासकाराकडे, कल्हणाकडे, गेल्याशिवाय राहवत नाही. राजतरंगिणीच्या पाचव्या तरंगात नवव्या शतकातल्या अवंतिवर्मा राजाच्या पदरी असलेल्या सुय्या या अभियंत्याची हकीकत आहे. वितस्तेत, म्हणजे झेलममध्ये, दरड साचून पाणी तुंबलं होतं. सुय्याने नाणी पाण्यात टाकली आणि उपाशी लोकांनी ती शोधायला दगड उपसून काढले, हा भाग सगळे सांगतात. माझ्या धंद्याच्या माणसाला पुढचा भाग जास्त मोलाचा. सुय्याने गावोगावची माती मागवली, ती पाण्याने भिजवली, कुठली माती किती वेळात सुकते ते पाहिलं, आणि त्या हिशोबाने प्रत्येक गावाची पाण्याची पाळी कायमची ठरवून दिली. अकराशे वर्षांपूर्वीची वाफशाची चाचणी! एक खारी (धान्याचं जुनं माप) भाताची किंमत दोनशे दीनारांवरून छत्तीसवर आली, असं कल्हण लिहितो. ज्या गावाला त्याचं नाव मिळालं ते सोपोर आज सफरचंदाच्या मंडीसाठी प्रसिद्ध आहे.

भाताच्या जमिनीची काश्मिरी नावं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जमाबंदीत नोंदली गेली. ती वाचताना सुय्याची परीक्षा पुढे चालू राहिली असंच वाटतं. ग्रुट म्हणजे चिकणमातीची जमीन. पाणी धरते, म्हणून कमी पावसाच्या वर्षी भाताला सर्वांत भरवशाची. पण पाऊस जास्त झाला की थापी मारल्यासारखी बसते आणि पिकाचा उतारा घटतो. बहिल म्हणजे मूळचीच ताकदवान पोयट्याची जमीन. तिला खत देताना हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर भात नुसता पाल्यावर जातो. सेकिल हलकी, खाली वाळू. पाणी भरपूर असेल तर पीक उत्तम, पाळी चुकली की संपलं. आणि चौथी दझनलद. ही दलदलीच्या कडेची, सखल जागची. हिच्यात पाणी लालसर होतं. भात एकदम जोरात वाढायला लागला की वेळेवर पाणी सोडून द्यायचं. जमलं तर उतारा भरघोस.

तो लाल रंग कोकणातल्या वाचकांना ओळखीचा असेल. पाणी साचून राहिलं की मातीतली हवा संपते, लोह विरघळतं, आणि तेच पाणी वर येऊन हवेला लागलं की लोहाचा तांबूस तवंग धरतो. कोकणातल्या खाजणाकडच्या, झऱ्याकाठच्या खाचरांत हाच तवंग दिसतो. भाताच्या मुळांना जास्त लोह बाधतं, म्हणून मध्येच पाणी काढून जमिनीला श्वास घेऊ देणं हाच त्यावर इलाज. रसायनाची समीकरणं माहीत नसताना त्या लोकांनी इलाजासकट नाव ठेवलं होतं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

भाताबाबत आणखी एक. तिथे मातीइतकंच पाण्याचं तापमान बघावं लागतं. ओढ्याचं पाणी बर्फाचं. ते थेट खाचरात सोडलं तर पाणी शिरतं त्या तोंडाशी भात हिरवागार राहतो पण लोंब्या पोचट. म्हणून आधी एका लहान खाचरात, उन्हात, पाणी फिरवून मग पुढे सोडतात. अनंतनागजवळच्या सगाम भागात मुश्कबुदजी हा सुवासिक भात होतो तो असल्याच थंड हवेत. भात निघाला की त्याच खाचरात ऑक्टोबरात मोहरी पडते, मेपर्यंत रान मोकळं. एप्रिलमध्ये दिसणारं पिवळं काश्मीर ते हेच.

त्याहून सखल, झेलमकाठी आणि वुलर सरोवराच्या आसपास, नंबल. पाणवनस्पती कुजून झालेली काळी, हलकी, स्पंजासारखी जमीन. खत लागत नाही, भात होत नाही. पाऊस बेताचा असेल तर मोहरी आणि मका बेसुमार. पूर्वी नांगरण्याआधी तण आणि धाटं जाळायची रीत होती. जिथे पाणी हटतच नाही तिथे विलोची झाडं लावतात, आणि त्यातूनच बिजबेहारा-संगमच्या रस्त्यावर रचलेल्या बॅटच्या फळ्यांचे मनोरे उभे राहतात. गल्लीत तुमच्या हातात जी काश्मीर विलोची बॅट होती ती या पाणथळ जमिनीचं पीक. मला विचाराल तर नंबल शेतीपेक्षाही पुराचं पाणी झेलण्यासाठी ठेवायला हवी होती. बऱ्याच ठिकाणी भराव टाकून वस्ती झाली, आणि 2014 च्या सप्टेंबरात झेलमने आपली जुनी जागा परत मागितली.

दल सरोवरातली शेती तर माती नसतानाची शेती आहे. पाणकणीस आणि वेतासारख्या गवतांच्या मुळांचं जाळं खालून कापून तरंगतं करतात, त्यावर सरोवरातलं शेवाळ आणि गाळाचे ढीग, आणि त्या ढिगांत काकडी, टरबूज, टोमॅटो, भोपळे. याला राध म्हणतात. रात्रीत होडीला बांधून शेत चोरून नेल्याचे किस्से शिकारेवाले रंगवून सांगतात. त्यातलं किती खरं ते सरोवरालाच ठाऊक. वाफसा हा प्रश्नच जिथे उद्भवत नाही अशी एवढीच जागा.

सफरचंदावर मात्र मला थांबायचं आहे, कारण तुमच्यासारख्या बागायतदाराला त्यातलं दुखणं लगेच कळेल. शोपियान, पुलवामा, बारामुल्ला, इथली जुनी बाग डोंगरपायथ्याच्या ओढ्यांनी आणलेल्या दगडगोटे-मिश्रित गाळावर किंवा खोल करेव्यावर असते. झाडं मोठी, मुळं खोल, खाली निचरा. अंब्रीसारखं जुनं देशी झाड अशा जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. गेल्या काही दशकांत मात्र भाताची खाचरं बुजवून सफरचंद लावायची लाट आली. कारण उघड आहे: पाण्याची पाळी बेभरवशाची झाली आणि सफरचंदाचा पैसा भाताच्या कितीतरी पट. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण भाताचं खाचर म्हणजे काय? वर्षानुवर्षं चिखलणी करून वीतभर खाली मुद्दाम तयार केलेली एक घट्ट ताटली, पाणी मुरू नये म्हणून. त्यात सफरचंदाचं झाड लावणं म्हणजे त्याला परातीत उभं करणं. पहिली तीन-चार वर्षं मुळं वरच्या थरात असतात, झाड हसतं. मग एखाद्या मार्च-एप्रिलमध्ये सलग पाऊस लागतो, बर्फ वितळतं, पाणी परातीत साचतं, आणि बुंध्याशी कूज धरते. ग्रुट जमिनीत तर हमखास.

अशा बागा मी पाहिल्या आहेत. मालक खताचा डोस विचारत होता आणि मी फावडं मागत होतो. एक मीटरचा खड्डा घ्यायचा, एप्रिलमध्ये, पाण्याने भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. निम्म्याहून जास्त पाणी तसंच असेल तर आधी खोल नांगरून ती ताटली फोडायची, झाडं उंच वरंब्यावर लावायची, चर काढायचे. तेवढं नसेल जमत तर भातच बरा. आता एम-9 सारख्या बुटक्या खुंटावरच्या (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचं झाड) घन लागवडी आल्या आहेत, तारांवर बांधलेल्या, ठिबकवर. तुम्ही डॉगरिज खुंटावर द्राक्ष बांधता तसाच विचार, पण एक फरक लक्षात ठेवा: तुमचा खुंट मुळं खोल सोडतो, तो उथळ. म्हणजे पाण्याची चूक तो एक आठवडाही माफ करत नाही. करेव्याच्या चुनखडीच्या थरात याच बागांना कोवळी पानं पिवळी पडण्याचा त्रास दिसतो; शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. तुमच्या चुनखडीच्या प्लॉटमध्ये लोहाची कमतरता तशीच दिसत असेल. फवारणी करा, पण निचरा नसेल तर फवारणी ही मलमपट्टी.

त्याच्या वर, चढावरच्या कंडी पट्ट्यात, माती उथळ, दगडी, पण अक्रोडाला चालते, कारण तो फटीफटीतून मुळं घालतो. मक्यात राजमा. पाण्याचा प्रश्न तिथे वाफशाचा नसून माती वाहून जाण्याचा आहे. आणखी वर देवदार-कैलच्या जंगलातली माती तपकिरी, आम्लधर्मी, भरपूर पालापाचोळ्याची. ती फोडून शेत केलं तर चार-पाच वर्षं जोरदार पिकतं आणि मग उतारावरून निघून जातं, तेव्हा तिच्या मोहात पडू नये. गुरेझसारख्या आणखी उंच खोऱ्यात हंगामच एक: बटाटा, बकव्हीट (कुट्टू), थोडी जव.

आता तुमची पिशवी. काचेच्या बाटलीत एक भाग माती, तीन भाग पाणी, जोरात हलवून ठेवा. मिनिटाभरात बसेल ती वाळू, दोन-तीन तासांत बसेल तो पोयटा, दुसऱ्या दिवशीही गढूळ राहील ती चिकणमाती. शेजारी तुमच्या द्राक्षाच्या प्लॉटमधल्या मातीची बाटली ठेवा. मग दोन्ही माती एकसारख्या कुंड्यांत भरा, तळाला भोकं ठेवा, दोन्हींत तेवढंच पाणी घाला आणि रोज बोट घालून बघा, कुठली आधी वाफशावर येते. सुय्याचा प्रयोग तुमच्या ओसरीवर होईल, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा त्या कुंड्या जास्त नीट देतील.

हौसेसाठी दहा-बारा कंद लावायचे असतील तर जरूर लावा. काळी माती वापरू नका. नदीकाठचा पोयटा, जाड वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत मिसळा, कुंडी सप्टेंबरपर्यंत पावसाआड ठेवा. पांपोरची माती मात्र शेतात टाकू नका, आणि कुंडीत घालायची तर आधी पारदर्शक प्लॅस्टिकखाली मे महिन्याच्या उन्हात तापवून घ्या. केशराच्या रानातून आणली आहे, तिच्याबरोबर कंदकुजीची बुरशी आली नसेलच याची खात्री नाही.